उलट्या घडीची पुडी

"आत्या, अंगारा संपला," माझी सून कुंदा म्हणाली. "पुडी द्या. पर तसलीच द्या हं, गेल्या बेस्तरवारी दिली तसली."

मी धुनीपाशी बसून राख चाळत होते. मार्गशीर्षातली सकाळ होती. धुकं इतकं खाली उतरलं होतं की दहा पावलांवरचं औदुंबराचं झाडसुद्धा कुणीतरी पुसून टाकल्यासारखं दिसत नव्हतं. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"तसली म्हंजे कसली गं?"

"काळी," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पायरीकडे बघत राहिली. "जराशी कडू."

धुनीची राख काळी नसते, कडूही नसते. आमच्या बाळनाथाच्या धुनीत बाभळीची लाकडं जळतात, त्यांची राख पिठासारखी पांढुरकी. जिभेला लावली तर किंचित खारट लागते, बस. बावीस वर्षं मी ती वस्त्रगाळ करत होते. त्या आवारात काळं आणि कडू असं एकच होतं, आणि ते माझं होतं.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. मला मशेरीचं व्यसन होतं. आमच्या भागात बायका तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, तिचा चुरा करतात आणि बोटानं दातांना घासत बसतात. दात स्वच्छ राहावेत म्हणून सुरू करतात आणि दात पडले तरी सोडत नाहीत. मी दिवसातून पाच वेळा घासायचे.

सासर गुरवांचं. डोंगराच्या खांद्यावर धुनी, धुनीला लागून आमचं घर. धुनीच्या आवारात तंबाखूचा कणही चालायचा नाही. हा दंडक बाळनाथाचा, आणि बाळनाथापेक्षाही माझ्या नवऱ्याचा. घरात कुठंही ठेवली तरी त्यांना वास लागायचा. शेवटी मला सुरक्षित जागा सापडली ती अंगाऱ्याच्या पुड्यांची टोपली. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. जुन्या वर्तमानपत्राच्या त्याच कागदात मी मशेरीच्या पुड्या बांधायचे, फक्त घडी उलटी घालायचे. सुलट घडी देवाची, उलटी माझी.

आणि याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे लोक माझ्या पाया पडायचे. सकाळी गोठ्यामागं पहिली चिमूट घासून, चूळ भरून मी धुनीसमोर डोळे मिटून बसले की डोकं हलकं व्हायचं, कानात दूरच्या ओढ्यासारखा आवाज यायचा, अंग कुठं संपतं आणि धूर कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. खालून वाडीतल्या बायका यायच्या आणि एकमेकींना गप्प करायच्या. "बोलू नगा, गजराक्काची समाधी लागलीया." पहिल्या वर्षी मला लाज वाटली. पुढं सवय झाली. नंतर नंतर तर मलाच वाटायला लागलं की समाधी म्हणजे हीच असणार.

त्या आठवड्यात तंबाखू भाजताना माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पोळली होती. अंगाऱ्याच्या पुड्याही डाव्या हातानं बांधल्या आणि सगळ्याच्या सगळ्या उलट्या घडीच्या झाल्या. एका सकाळी मी मशेरी समजून राखच घासली आणि स्वतःला शिव्या घालत थुंकत बसले. मशेरीची एक पुडी टोपलीत कमी आहे, हेही मला त्याच वेळी कळलं होतं. पण उंदरानं नेली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. उंदीर मशेरी खात नाही, हे कुणी मला सांगायला नको होतं.

ती पुडी मी माझ्याच हातानं कुंदाच्या हातात ठेवली होती. वर सांगितलंही होतं, "रोज सकाळी अनशापोटी चिमूटभर जिभंला लाव. नाथ राखंल तुला."

कुंदाला सातवा महिना चालू होता. तीन वर्षांत दोनदा तिचं पोट राहिलं आणि दोन्ही वेळा सहाव्याच्या आत रिकामं झालं. माझा मुलगा मुरली पुण्याला छापखान्यात कामाला, महिन्यातून एकदा यायचा. कुंदाचं माहेर कृष्णाकाठचं, पण आई लग्नाआधीच गेलेली. म्हणून बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं दोघींना समोर बसवून विचारलं होतं, "घरात कुणी मशेरी लावतं का? मशेरीनं मूल पोटातल्या पोटात वाळतं, वेळेआधी येतं. खरं सांगा." मी मान हलवून नाही म्हटलं. कुंदानंही नाही म्हटलं.

आता ती समोर उभी होती, हात पुढे करून.

"कुंदे, बस खाली," मी म्हटलं. "ती पुडी अंगाऱ्याची न्हवती. माझ्या हातनं चूक झाली. ती—"

"मशेरी हुती," ती म्हणाली. "मला पुडी उघडल्या उघडल्याच कळलं."

धुनीत एक लाकूड फुटलं आणि ठिणग्या उडाल्या. मला आधी भीती वाटली आणि लगेच राग आला. आपली चूक पोटात मावली नाही की माणूस दुसऱ्यावर ओकतं.

"कळलं तर टाकायची हुतीस की उकिरड्यात! पोटात लेकरू हाय तुझ्या!"

"तुमी टाकली का कधी?" ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

मग ती पायरीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगू लागली. नऊ वर्षांची असल्यापासून ती मशेरी लावत होती. आईच तिच्या दातांवर बोट फिरवायची. आई आजारी पडली तेव्हा शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं, पण सकाळी दोघी मायलेकी शेजारी बसून घासायच्या. आई गेल्यावर कुंदा दिवसभर घासत राहायची. दुसरं मूल गेलं तेव्हा तिनं कुणाला न सांगता सोडली. आठ महिने झाले होते.

"आन् तुमी पुडी दिली," ती म्हणाली. "उघडली तर आईचाच वास. मला वाटलं, नाथानंच धाडली. खोटं कशाला बोलू आत्या, मला सगळं कळत हुतं. तरी मी म्हनलं, अंगाराच हाय ह्यो. देवाच्या टोपलीतला हाय, आत्यानं सवता दिलाय. त्येला न्हाय कसं म्हनायचं?"

बावीस वर्षं मी धुनीपुढे बसून जे करत होते, तेच तिनं आठ दिवस केलं होतं. तिनं निदान कबूल केलं.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं. "माझं लेकरू राहील का ओ?"

हा प्रश्न तिनं मला विचारला की बाळनाथाला, ठाऊक नाही.

त्याच दिवशी टोपलीतल्या माझ्या साऱ्या पुड्या मी शोधून काढल्या आणि कुंदाच्या देखत गोठ्यामागच्या उकिरड्यात खोल पुरल्या. धुनीत टाकायची हिंमत झाली नाही. मोठ्या रुबाबात मी म्हटलं, "आजपासनं दोघीबी मोकळ्या."

तिसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या सुमारास मला जाग आली ती जबड्यातल्या ठणक्यानं. तोंडाला पाणी सुटलं होतं. सून आणि नवरा झोपलेत असं समजून मी चोरपावलांनी गोठ्यामागं गेले. धुक्यात उकिरड्यावर काहीतरी हलत होतं. मला वाटलं डुक्कर.

ती कुंदा होती. एवढं मोठं पोट सांभाळत उकिडवी बसून काठीनं शेण उकरत होती.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिच्या हातात काठी, माझ्या हातात खुरपं. सासू खुरपं घेऊन आलेली बघून तिला आधी हसू फुटलं आणि मग मला. पदर तोंडात कोंबून आम्ही हसलो, शेजारच्या म्हशीनं मान वळवून बघावं इतकं हसलो. हसता हसता कुंदा रडायला लागली आणि मी तिला धरून गोठ्याच्या दगडावर बसवलं.

"आत्या, न्हाय जमायचं," ती म्हणाली. "बघा ना, अंगाला कसं कापरं भरलंय."

"बस जरा," मी म्हटलं. यात माझं काही शहाणपण नव्हतं, मला फक्त उठवत नव्हतं. "नुसती बस. बघू तरी ही तलफ किती येळ ऱ्हाते."

आम्ही बसलो. आधी कानामागं ओढ लागली, मग जबड्यात. मग छातीत असं काही भरून आलं की आत्ताच्या आत्ता नाही घेतली तर प्राण जाईल. मी कुंदाचा हात धरला. तिनं डोळे मिटले होते.

"वाढली," ती पुटपुटली. "अजून वाढली. आत्या, आता आईचा हात दिसतोय." तिची बोटं माझ्या हातात रुतली. मग हळूच, "आता कमी व्हायलीय."

माझीही उतरत होती. कुणी काही न देता पाहुणा दारातून परत जावा तशी ती गेली. समोर धुकं पांढरं व्हायला लागलं होतं, आणि खालच्या वाडीतल्या चुलींचा धूर त्यात मिसळत होता.

"गेली," कुंदा म्हणाली. "आत्या, आई काय त्येच्यात न्हवती. नुसती तलफ हुती. मी उगाच तिला आईचं नाव दिलं."

आणि ती पुन्हा रडली, पण या वेळचं रडणं वेगळं होतं. हे आईसाठीचं होतं. चार वर्षं ते तिच्या घशात अडकून राहिलं होतं.

त्यानंतर रोज पहाटे आम्ही त्या दगडावर बसायचो. तलफ यायची, आम्ही तिला येऊ द्यायचो. ते दिवस आठवले की अजून स्वप्नात असल्यासारखं वाटतं. वेळेचा काही अंदाजच राहिला नव्हता. भाकरी थापता थापता मी थांबायचे आणि तव्यावरच्या वाफेकडे बघत राहायचे. एकदा भरदुपारी मला माझी मेलेली सासू धुनीपाशी राख चाळताना दिसली. तिनं माझ्याकडे पाहून "तुलाबी कळलं का?" असं विचारलं आणि पुन्हा चाळायला लागली. काय कळलं ते तिनं सांगितलं नाही. कुंदाला पोटातलं बाळ लाथ मारायचं तेव्हा ती माझा हात ओढून तिथं ठेवायची आणि आम्ही दोघी मोजायचो नाही, नुसत्या थांबायचो.

धुनीपुढचं माझं बसणं मात्र पार बिघडलं. डोळे मिटले की डोक्यात आठवडी बाजार भरायचा. पाठीला कळ, पायाला मुंग्या, नाकाला खाज. मी दर दोन मिनिटांनी डोळे उघडायचे. वाडीतल्या बायका कुजबुजू लागल्या की गजराक्कावर कुणाची तरी नजर पडली, तिची समाधी मोडली. मला मनातून वाटायचं, नव्हतीच कधी ती, मोडणार काय? पण बोलायची छाती नव्हती. एके रात्री नवरा म्हणाला, "हल्ली तुझ्या तोंडाला वास येत न्हाय." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, "मग इतकी वर्सं बोलला न्हाय?" ते कुशीवर वळत म्हणाले, "बोलून काय तू ऐकली असतीस?" माणूस दंडकाचा कडक होता, पण मला ओळखून होता.

पौषात, नववा लागायच्या आधीच, एका दुपारी कुंदानं अंगणात बसकण मारली आणि तिचं पाणी गेलं.

वाडीतल्या एकाच्या जीपमधून आम्ही तिला तालुक्याला नेलं. घाटात प्रत्येक वळणावर ती माझा दंड आवळत होती आणि एकच विचारत होती, "आठ दिवसांनी काय हुतंय ओ आत्या? फकस्त आठच दिवस लावली मी." मी "काय न्हाय हुत" म्हणत होते आणि मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नर्सबाईला मी दारातच सांगून टाकलं. मशेरी, पुडी, माझा हात, माझं खोटं, सगळं. ती मला रागावली नाही. नुसतं लिहून घेतलं आणि कुंदाला आत नेलं. दार बंद झालं. नवरा जीपवाल्याबरोबर औषधाच्या दुकानात गेला.

बाकावर माझ्या शेजारी कुणा दुसऱ्या गावची एक म्हातारी बसली होती. तिचीही लेक आत होती. तिनं कमरेची डबी काढली, बोटावर घेतली आणि घासू लागली. तो वास आला आणि माझं सगळं अंग तिकडे वळलं.

"घ्या की आक्का," ती म्हणाली. "जीव थाऱ्यावर येतोय."

हात माझ्या आधी पुढे गेला. तिनं तळव्यावर चांगली सढळ चिमूट ठेवली. आतून कुंदाचा आवाज आला. तिच्या कळा नेहमीच्या बाईच्या असतात तशा नव्हत्या, त्यात भीती होती. दोन वेळा तिनं हेच सोसलं होतं आणि दोन्ही वेळा मी बाहेर कुठंतरी घासत बसले होते. पहिल्या वेळी मोरीपाशी, दुसऱ्या वेळी याच दवाखान्याच्या मागं. ती दोन लेकरं गेली तेव्हा मी रडले नव्हते. मला रडू आलंच नव्हतं, मी ते येऊ दिलंच नव्हतं. ओठापर्यंत यायचं आणि मी वर चिमूट लावायचे.

तळहात मिटून मी बसले. इथं गोठा नव्हता, धुकं नव्हतं, हसायला सून शेजारी नव्हती. तलफ आली आणि ती एकटी आली नव्हती. तिच्यामागून ती दोन न जन्मलेली लेकरं आली, त्यांच्यामागून माझी बावीस वर्षं, लोक वाकलेले, मी डोळे मिटलेली. तिच्यापासून पळायला मला कुठंच जागा नव्हती. मी म्हटलं, ये बाई. तूच आजवर मला रोज न चुकता बसवलंस, पाच पाच वेळा. आता काय दाखवायचंय ते दाखव.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं सुचलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. ती वाढत गेली, छातीत फुटेल इतकी वाढली, आणि मग ती नव्हतीच. भिंतीला लागून एक नळ गळत होता. थेंब पडायचा आणि पुढचा पडेपर्यंत मोकळी जागा असायची. मी त्या जागेत बसले होते. कानात ओढा नव्हता, डोकं हलकं नव्हतं. फिनेलचा वास फिनेलचाच होता. कुंदा ओरडत होती आणि ते मला पूर्ण ऐकू येत होतं, आणि मी उठून पळत नव्हते. इतकी भीती आणि इतकी शांतता एकाच वेळी एका माणसात मावू शकते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं.

"आक्का," म्हातारीनं खांदा हलवला. "डुलकी लागली व्हय? तुमचं बोलवत्यात."

दारात नर्सबाई उभी होती. "मुलगी. वजन कमी आहे, पेटीत ठेवावं लागेल थोडे दिवस. पण रडली बघा, खणखणीत रडली. आई ठीक आहे. दोन मिनिटं बघून घ्या, मग नेते."

मी उठले आणि मूठ उघडली. घामानं मशेरीचा चिखल झाला होता. म्हातारीला परत द्यायला गेले तर ती म्हणाली, "आता काय करू तिचं? टाका." नळाखाली हात धरला, दगडावर घासला, साबण लावला. रेघांमधलं काळं गेलं नाही.

कुंदा खाटेवर पडली होती, केस घामानं कपाळाला चिकटलेले. कुशीत कापडाची एवढीशी गाठोडी होती. मी जवळ गेले, हात पुढे केले. तिनं पोरीला दिलं नाही. माझा उजवा हात ओढला, नाकाशी नेला आणि हुंगला. मशेरीचा वास एकदा धुऊन जात नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी सफाई दिली नाही. मी सांगितलं असतं तरी तिनं का ऐकावं? माझ्या सांगण्यावरच तर तिनं ती पुडी आठ दिवस जिभेला लावली होती.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

खोलीत दोन बाळंतिणी होत्या, त्यांच्या आया होत्या, दारात माझा नवरा येऊन उभा होता. मी खाटेशी वाकले आणि लहान पोरासारखा आ केला. कुंदानं मान उचलून माझ्या तोंडात बघितलं, दातांवरून आपलं बोट फिरवलं आणि ते बोट उजेडाकडे धरलं. स्वच्छ होतं.

तेव्हा कुठं तिनं पोरीला उचलून माझ्या हातांवर ठेवलं.